मीटर चोख, माहितीपुस्तिका मात्र कपाटात ठेवा

मी शाळेत विज्ञान शिकवते. आवाज मोजणारा, हातात मावणारा हा डेसिबल मीटर घेतला वर्गासाठी, पण सध्या घरातलं एकही यंत्र त्याच्या तावडीतून सुटलेलं नाही.

एक मीटर अंतरावरून जुना मिक्सर 88 दाखवतो, नवा 81. "सातच्या फरकासाठी नवा आणला?" असं घरातून लगेच ऐकू आलं. लॉगरिदम, म्हणजे 10 च्या घातांचा हिशेब, लागतो तो इथे. फरकाला 10 ने भागायचं आणि 10 चा तितका घात काढायचा. 10 चा 0.7 वा घात जवळपास 5 येतो, म्हणजे जुन्याच्या आवाजाची तीव्रता नव्याच्या पाचपट. कानाला तो पाचपट मोठा वाटत नाही, हेही खरं. साधारण 10 डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो, त्यामुळे सातला दीडपटीहून थोडा जास्त. पुस्तिकेत यातलं काही नाही. उलट 80 डेसिबल म्हणजे 40 च्या दुप्पट, असं ठोकून दिलंय! तीव्रतेत तो फरक दहा हजारपट आहे.

दोन्ही मिक्सर एकदम लावले तर 169 दिसणार, अशी मुलीची पैज होती. मीटर 89 च्या आसपास थबकला. हिशेबाने 88.8 येतं. मोठ्या आवाजापुढे लहान जवळजवळ हरवतोच. (दोन्ही सारखे असते तर 3 डेसिबल वाढले असते.)

ए आणि सी अशा मोजण्याच्या दोन पद्धतींचं एक बटण आहे, त्याकडे नीट लक्ष द्या. कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून ए वर 100 हर्ट्झचा आवाज सुमारे 19 डेसिबलने कमी धरला जातो; सी वर जवळजवळ तसाच. पंप किंवा ट्रान्सफॉर्मरची घरघर मोजताना दोन्हीकडे आकडा बघा; पण एक यंत्र ए वर आणि दुसरं सी वर मोजून त्यांची तुलना केलीत तर ती फुकट.

अचूकता उणे-अधिक 1.5 डेसिबल लिहिली आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीव्रतेत ती चूक 40 टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकते. त्यामुळे एक-दोन डेसिबलच्या फरकावरून कुठला पंखा शांत हे ठरवू नका. मीटर बरोबर दाखवतोय का हे तपासायला 94 डेसिबलचा ठरावीक आवाज देणारा कॅलिब्रेटरही सोबत येत नाही. अधिकृत तक्रारीसाठी आकडे हवे असतील तर हा मीटर घेऊ नका.

वर्गासाठी आणि घरच्या वादांसाठी पाचपैकी चार तारे. पाचवा पुस्तिकेने घालवला.