जुन्या शेताचे सगळे ऋतू आणि एक सीपीएल फिल्टर: भरपूर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

प्रॉडक्ट काय तर सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे ज्याला सगळे सीपीएल म्हणतात तो, लेन्सच्या तोंडावर बसवायची काच, जिची पुढची रिंग फिरवली की फोटोतली चकाकी कमीजास्त होते. ७७ एमएम, मल्टिकोटेड, पातळ फ्रेमवाला. घेतला एकाच कामासाठी, एका जुन्या शेताचे वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो काढायला. शेत म्हणजे नुसती जमीन नाही हं, दगडी भिंतींचं जुनं घर, काळवंडलेल्या फळ्यांचं कोठार, एक पत्र्याची शेड, मागे छोटं तळं आणि कडेने शेवाळ धरलेलं दगडी कुंपण असा सगळा कबिला. मालकाची परवानगी आधीच घेतली होती, ती घ्याच, जुनी वास्तू दिसली की लोक कॅमेरा काढून सरळ आत शिरतात.

तर आधी मुद्द्याचं सांगतो. हा फिल्टर सगळीकडे निळ्या आकाशाच्या नावावर विकला जातो. बॉक्सवर आकाश, जाहिरातीत आकाश, डावीकडे फिकट आणि उजवीकडे गडद निळं. नुसत्या आकाशासाठी घेणार असाल तर घेऊ नका असं मी म्हणेन. आकाश थोडं गडद करणं नंतर सॉफ्टवेअरमध्येही जमतं. ओल्या पानांवरची चकाकी मात्र नंतर काढता येत नाही, कारण त्या पांढऱ्या चमकेच्या खाली पानाचा हिरवा रंग कॅमेऱ्याने नीट टिपलेलाच नसतो, मग स्लायडर कितीही ओढा. खरे पैसे वसूल होतात ते ढगाळ आणि पावसाळी दिवसात, म्हणजे नेमकं जेव्हा लोक हा फिल्टर बॅगेत ठेवून देतात तेव्हा.

दगडी कुंपणाचंच घ्या. पाऊस नुकताच थांबलाय, आकाश सगळं पांढरं, कुंपणावर वेल चढलेला, पानं ओली. नुसत्या लेन्समधून बघितलं तर प्रत्येक पानावर आकाशाचा पांढुरका पापुद्रा बसल्यासारखा दिसतो, दगडही राखाडी आणि चमकणारे. आता रिंग हळूहळू फिरवा. आधी वरच्या पानांची चमक जाते, मग दगडाच्या खाचांमधलं शेवाळ वर येतं, एकदम दाट हिरवं, मग दगडाचा मूळचा तांबूस काळा रंग. सूर्य नाही, निळं आकाश नाही, तरी एवढा फरक. पण इथेच एक गंमत आहे, रिंग शेवटपर्यंत फिरवली की सगळी चकाकी जाते आणि ओला दगड कोरडा वाटायला लागतो! पावसाचा फोटो आणि पाऊस गायब. म्हणून मी आधी फुल इफेक्टवर नेतो आणि तिथून थोडा मागे येतो, दगडाच्या कडेला जराशी ओलसर चमक राहील इतपत. कोठाराच्या भिजलेल्या फळ्यांनाही तेच लागू, चमक पूर्ण काढली तर लाकूड मेल्यासारखं दिसतं.

खिडक्यांबद्दल लिहिलंच पाहिजे कारण जुन्या घराच्या काचा म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण असतं. काचेसमोर सरळ उभं राहून फिल्टर फिरवला तर काहीच होत नाही, आणि मग लोक म्हणतात फिल्टर बोगस आहे. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांचा कोन करून, म्हणजे चांगलं तिरकं उभं राहावं लागतं, तिथे परावर्तन सगळ्यात जास्त पोलराइज होतं, म्हणजे त्या उजेडाच्या लहरी एकाच दिशेत डोलतात आणि फिल्टर त्यांना अडवू शकतो. पाण्यासाठी हाच कोन साधारण ३७ अंश. या कोनाचं गणित ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ साली मांडलं, पण त्याच्याही आधी १८०८ मध्ये मालूस नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं मावळतीचं ऊन एका कॅल्साइटच्या स्फटिकातून बघितलं आणि स्फटिक फिरवला की प्रतिमेची चमक कमी जास्त होते हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे आपण शेतघराच्या खिडकीसमोर तिरके उभे राहून रिंग फिरवतो ते जवळपास तेच करतोय. मला हे फार भारी वाटतं, असो.

तळ्यावर साधा नियम असा की आधी ठरवा काय दाखवायचंय. कोठाराचं प्रतिबिंब हवंय की तळाचे गोटे आणि पाणवनस्पती? दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत. पाणी खाली गेलेल्या कोरड्या ऋतूत मी चकाकी काढून तळ दाखवतो, तळं भरलेलं असताना प्रतिबिंब ठेवतो आणि तेव्हा फिल्टर चक्क उतरवतो.

पत्र्याच्या शेडवर फार अपेक्षा ठेवू नका. उघड्या धातूवरून येणारी चमक अशी पोलराइज होत नाही त्यामुळे नव्या चकचकीत पत्र्यावर रिंग कितीही फिरवा, तो तसाच डोळ्यात जातो. रंग मारलेला पत्रा असेल तर फरक पडतो, कारण तिथे चमक रंगाच्या थराची असते.

आता आकाश. वर एवढं बोललो तरी त्याचं गणित समजून घ्या नाहीतर फोटो खराब होतात. सूर्यापासून ९० अंशांवरचा जो पट्टा असतो तिथेच हा फिल्टर आकाश सगळ्यात गडद करतो. तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा, अंगठा जिथून जिथून जाईल तो पट्टा. ऋतूंचा संबंध इथे येतो. उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर, म्हणजे हा पट्टा क्षितिजाला लागून चारही बाजूंनी, त्यामुळे कोठारामागचं आकाश बऱ्यापैकी सारखं गडद होतं. पण ऊन इतकं वरून पडतं की भिंतींचा पोत सगळा मरतो, मग त्या आकाशाचं करायचं काय? थंडीत उलट. सूर्य खाली, विषुववृत्तापासून जितकं लांब तितका दुपारीही खालीच, तिरकं ऊन पडल्यामुळे दगडाचा प्रत्येक खवला आणि फळीची प्रत्येक रेघ दिसते, पण तो पट्टा आता डोक्यावरून कमानीसारखा आडवा जातो. अशा वेळी वाइड लेन्स लावली की आकाशाच्या मधोमध गडद निळा ठिपका आणि दोन्हीकडे फिकट. फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २४ एमएमच्या लेन्सला आडवा कोन जवळजवळ ७४ अंश होतो, एवढ्या मोठ्या तुकड्यात आकाश एकसारखं कसं राहणार? ३५ एमएम पासून पुढे त्रास बराच कमी, ५० ला तर मी विचारही करत नाही. पॅनोरमा करणार असाल तर फिल्टर काढाच, जोडल्यावर आकाशात पट्टे येतात आणि ते काढता काढता जीव जातो.

धुक्यात उपयोग जवळपास शून्य. दाट धुक्यात उजेड सगळीकडून विखरून येतो त्यामुळे फिरवायला काही उरतच नाही, उगाच उजेड मात्र कमी होतो. सूर्य फ्रेममध्ये असेल तेव्हाही काढा, समोर एक जास्तीची काच म्हणजे घोस्टचे, म्हणजे काचांमधल्या परावर्तनाने उमटणारे उजेडाचे, ठिपके आलेच. दंव किंवा बर्फ पडत असेल तिथे जपून, कारण दवाबर्फाचं चमचमणं हीच तर चकाकी आहे, ती काढली तर उरलं काय. आणि इंद्रधनुष्य! त्याचा उजेड स्वतःच पोलराइज्ड असतो, रिंग एका बाजूला फिरवली तर रंग उठून येतात, दुसऱ्या बाजूला फिरवली तर कमानीचा तुकडाच गायब होतो. शेतावर इंद्रधनुष्य निघालं की आधी रिंग बघा, मग क्लिक करा.

कापणीनंतरच्या धसकटांवर मात्र कमाल काम करतो. वाळलेल्या काड्यांवरही एक चमक असते जी डोळ्याला कळत नाही, ती गेली की पिवळा रंग दाट होतो. ताज्या नांगरलेल्या ओल्या ढेकळांचंही तसंच.

उजेडाचा हिशोब. साधारण दीड ते दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), माझ्या फिल्टरवर दीडच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं पण १/१२५ चं शटर दोन स्टॉपनी १/३० वर येतं आणि वाऱ्यात गवत १/३० ला थांबत नाही. ट्रायपॉडने कोठार स्थिर राहील हो, गवत कोण धरणार. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा, आजच्या कॅमेऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

आता जे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मला वाचायला मिळालं नाही ते. एकाच जागेवरून एकच फ्रेम वेगवेगळ्या ऋतूंत काढून शेजारी शेजारी लावायची असेल तर हा फिल्टर तुमचा शत्रू होऊ शकतो. एका फोटोत फुल इफेक्ट, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात नाहीच, मग बघणारा म्हणतो अरे वा थंडीत आकाश किती गडद असतं, आणि तो ऋतूचा नाही तर तुमच्या रिंगचा प्रताप असतो. त्यामुळे माझी पद्धत अशी की प्रत्येक जागेवर आधी एक फ्रेम फिल्टरशिवाय, ती सिरीजसाठी, आणि मग फिल्टर लावून हव्या तेवढ्या, त्या सुट्या फोटोंसाठी. ट्रायपॉडची जागा ठरलेली, लेन्स तीच, फोकल लेंग्थ तीच, गेल्या वेळची फ्रेम फोनवर उघडून कोठाराचा कोपरा जुळवून घ्यायचा. फिल्टर लावूनच सिरीज करायची असेल तर फिरणाऱ्या रिंगवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि तो घड्याळाच्या किती वाजण्याच्या जागी होता ते लिहून ठेवा, बहुतेक फिल्टरवर अंशांच्या खुणा नसतातच. अर्थात सूर्याची जागा बदलली की तोच ठिपका तोच इफेक्ट देत नाही, म्हणून मला पहिलीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. आणि कॅमेरा आडव्याचा उभा केला की रिंग पुन्हा ९० अंश फिरवावी लागते, घाईत हे हमखास राहून जातं.

बनावटीबद्दल. हा ज्या लेन्सवर आहे तिच्यावर कोपरे काळे होत नाहीत, पातळ फ्रेमचा फायदा. रंगात किंचित उबदार झाक आहे, पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टरसह आणि एक फिल्टरशिवाय काढला की लगेच कळतं, मला चालते. रिंग गुळगुळीत फिरते पण सैल नाही. याआधी एक स्वस्तातला होता, नाव घेत नाही, त्याची अल्युमिनियमची रिंग थंडीत लेन्सच्या आट्यांवर अशी घट्ट बसायची की रबरबँड गुंडाळून काढावी लागायची, शिवाय कडेला हिरवट झाक. पितळी रिंग मिळत असेल तर थोडे जास्त मोजा, ती कमी अडकते. आणि वेगवेगळ्या लेन्ससाठी वेगवेगळे फिल्टर घेऊ नका, सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी जोडरिंग, लावा. फक्त मग हूड (लेन्सवर ऊन येऊ न देणारी पुढची झडप) बसत नाही, हे विसरू नका.

सर्क्युलर की लिनियर (पोलरायझरचा जुना, साधा प्रकार) हा प्रश्न अजून विचारला जातो. आरशावाल्या डीएसएलआरमध्ये मीटर आणि ऑटोफोकससाठी सर्क्युलरच लागतो, मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, लिनियरही सहसा चालून जातो, पण बाजारात चांगल्या दर्जाचे बहुतेक सर्क्युलरच येतात त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. दुकानात घेताना एवढं करा, फिल्टरची आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून एलसीडी स्क्रीनकडे बघा आणि फिरवा. एका जागी स्क्रीन जवळजवळ काळी झाली तर ठीक. जांभळट नुसतीच मंद होत असेल तर परत द्या. उलटा धरला तर मात्र काळी होणार नाही, तेव्हा उगाच दुकानदाराशी भांडू नका.

पाचपैकी चार. एक कापला तो हूडसाठी आणि पाण्याच्या थेंबांसाठी, कोटिंगवरून पाणी ओघळतं म्हणतात तेवढं काही ओघळत नाही, भुरभुर पाऊस असला की दर थोड्या वेळाने पुसावा लागतो.

फोनवाल्यांसाठी क्लिपवाले सीपीएल मिळतात, तळ्यावर आणि पानांवर चांगले चालतात, फक्त फोन मधूनच आपल्या मनाने दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि तिच्यासमोर फिल्टर नसतो, तेव्हा प्रो मोडमध्ये लेन्स लॉक करून घ्या. आणि डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल असेल तर स्क्रीन बघताना काढून ठेवा, नाहीतर फोन उभा धरला की आडवा धरला की कुठेतरी स्क्रीन काळी दिसेल आणि तुम्ही ब्राइटनेस वाढवत बसाल.