मराठी ऑडिओबुक घेताना: आधी आवाज पारखा

मराठी ऐकायचं असेल तर आमची पहिली पसंती स्टोरीटेललाच. वर्गणी भरून ऑडिओबुकं ऐकवणारी ही स्वीडिश कंपनी नोव्हेंबर २०१७मध्ये भारतात आली ती इंग्रजी-हिंदीच्या जोडीला मराठी घेऊनच. कादंबऱ्या, चरित्रं, रहस्यकथा, मुलांच्या गोष्टी असा भरगच्च साठा तिथे आहे. मात्र वर्गणी संपली की ऐकणंही संपतं. डाउनलोड केलेलं पुस्तक अ‍ॅपच्या बाहेर काढता येत नाही. ऑडिबल या ॲमेझॉनच्या ऑडिओबुक सेवेवर क्रेडिट (सभासदाला पुस्तक घेण्यासाठी मिळणारं कुपन) देऊन घेतलेलं पुस्तक सभासदत्व सोडल्यावरही आपलंच राहतं, पण मराठीची निवड तिथे तोकडी. महिन्याला दोन-तीन पुस्तकं संपवणाऱ्याने वर्गणी भरावी. एखादंच इंग्रजी पुस्तक परत परत ऐकणाऱ्याला ऑडिबल परवडतं.

खरी पारख त्यानंतर सुरू होते, आणि ती लेखकाच्या नावावर होत नाही. साने गुरुजींचं निधन १९५०चं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११पासून त्यांचं लेखन कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं. अशा पुस्तकांची वाचनं एकापेक्षा जास्त सापडतात आणि त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. नमुना बहुतेकदा सुरुवातीचा असतो, म्हणजे वाचकाने सर्वांत निगुतीने वाचलेला. चाचणीचे दिवस मिळत असतील तर थेट मध्यावर जा आणि संवादाचं पान ऐका. कोण बोलतंय हे ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ यायच्या आधी कळलं पाहिजे. त्यासाठी म्हातारीचा आवाज काढावा लागत नाही, लय बदलली तरी पुरते. ‘चांगला’मधला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे ऐकू येतात का, ‘माझा’तला झ आणि ‘बाळ’मधला ळ नीट उमटतो का, ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतंय का, हेही पाहा. इथे अडखळणारा वाचक दहा तास ऐकवत नाही.

हल्ली यंत्राच्या आवाजातली पुस्तकंही येतात. ती जुन्या मजकुरात हमखास पकडली जातात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी ‘त्यानें केलें’ असे अनुस्वार छापत, पण ते उच्चारत नसत; यंत्र ते नाकात म्हणून मोकळं होतं. ‘इ. स.’, ‘रु.’ किंवा सन आला की तिथेही त्याची गाडी अडते.

पुस्तक संक्षिप्त आहे का, हे कालावधीवरून कळतं. मध्यम टाइपातलं एक पान वाचायला साधारण दोन ते अडीच मिनिटं लागतात. २०० पानांची कादंबरी सात-आठ तासांची व्हायला हवी. ती अडीच तासांत संपत असेल तर कात्री लागलेली आहे. फोनमध्ये जागा कमी असेल तर हिशेब असा: ६४ केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट, म्हणजे ध्वनीचा दर्जा) तासाला २९ एमबी, १२८ला ५८. निव्वळ वाचनाला ६४ पुरेसं आहे.

वेग वाढवायचाच तर माहितीपर लेखनाला सव्वापट ठीक. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या ढंगाचं कथाकथन मात्र कधीही पळवू नये, कारण हशा पिकतो तो वाक्याआधीच्या थांब्यावर. कार्यक्रमातल्या ध्वनिमुद्रणात टाळ्या-हशा मोठा आणि कथेकऱ्याचा आवाज दबका असतो. असं मुद्रण गाडीत लावलं तर निम्मं निसटतं. ते घरी हेडफोनवर ऐकावं.

मुलांसाठी निवडताना कसोटी बदलते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला पाच-दहा मिनिटांची गोष्ट, सहा ते आठला पंधरा-वीस मिनिटांची, पुढे अर्ध्या तासाची प्रकरणं. अनेक बालकथांत पार्श्वसंगीत इतकं चढं असतं की शब्द बुडतात. घरात नेहमी वापरता त्या स्पीकरवर एकदा लावून पाहा. लाडीगोडीच्या सुरात वाचलेलं मोठ्या मुलांना आवडत नाही. ‘श्यामची आई’ ४२ रात्रींत विभागलेली असल्यामुळे रोज एक रात्र असा क्रम आपोआप बसतो, पण प्रसंग गंभीर आहेत. आठ-नऊ वर्षांच्या आधी घाई नको. स्टोरीटेलमधली मुलांसाठीची सोय पिन टाकून लावा, म्हणजे मूल मोठ्यांच्या रहस्यकथांत शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल अशी आहे. झोपताना हेडफोनऐवजी हळू आवाजात स्पीकर आणि स्लीप टायमर लावावा.

घरात दृष्टिहीन किंवा छापील मजकूर वाचू न शकणारी व्यक्ती असेल तर वर्गणीआधी २०१६मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे अशा वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय पाहा. सभासद-संस्थेमार्फत नोंदणी करावी लागते. तिथली पुस्तकं डेझी या खुणा घातलेल्या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपातही मिळतात, म्हणून प्रकरणागणिक किंवा पानागणिक उडी मारता येते, आणि अभ्यासाच्या पुस्तकासाठी ही सोय फार मोलाची आहे.