जहाजावरची पंगत आणि घड्याळाचे गणित : 'अँथम ऑफ द सीज'वरील भोजनव्यवस्था

सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावर पहिल्यांदाच जाणारी मराठी कुटुंबे खोली कोणत्या मजल्यावर घ्यायची आणि बाल्कनी हवी की नको, यावर आठवडाभर खल करतात. रात्रीच्या जेवणाची वेळ विचारणारा आरक्षणातला रकाना मात्र ट्रॅव्हल एजंटवर सोपवून मोकळी होतात. सासू-सासरे, शाळकरी मुले आणि दिराचे कुटुंब अशा मोठ्या गोतावळ्यासह रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'अँथम ऑफ द सीज'वर प्रवास केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की खोलीपेक्षा तो रकाना अधिक विचारपूर्वक भरला पाहिजे, कारण जहाजावरची सारी संध्याकाळ त्या एका वेळेभोवती बांधलेली असते. म्हणून या परीक्षणात मी पोहण्याचे तलाव, खेळ किंवा खोल्या यांविषयी काही लिहिणार नाही. फक्त जेवणाविषयी आणि त्याच्या वेळांविषयी लिहिणार आहे.

हे जहाज जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर वेर्फ्ट या गोदीत बांधले गेले आणि २०१५ साली सेवेत आले. त्याची लांबी ३४८ मीटर असून एका खोलीत दोघे या हिशेबाने त्यावर ४,१८० प्रवासी मावतात. २०२४ च्या अखेरीस ते सिंगापूरला आले आणि मरिना बे क्रूझ सेंटरवरून पेनांग, फुकेत अशा बंदरांच्या छोट्या सफरी करू लागले. ज्यांना याच वर्गातले 'ओव्हेशन ऑफ द सीज' मिळेल त्यांनाही पुढचे बहुतेक सारे लागू पडेल, कारण दोन्ही जहाजांची रचना जवळजवळ सारखीच आहे.

इतक्या माणसांना एकाच वेळी पंगतीला बसवणे शक्य नसते, हे उघड आहे. म्हणूनच जुन्या प्रवासी जहाजांच्या काळापासून रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती ठेवण्याची पद्धत रूढ झाली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' या नावाने ती मोडून हवे तेव्हा, हवे तिथे जेवण्याची मोकळीक दिली आणि हळूहळू इतर कंपन्यांनाही तिची दखल घ्यावी लागली. रॉयल कॅरिबियननेही 'अँथम'च्या वर्गातल्या जहाजांवर ठरावीक पंगती रद्द करून प्रवाशांना वेगवेगळ्या भोजनगृहांत फिरवण्याचा प्रयोग करून पाहिला, पण तो टिकला नाही आणि जुनी पद्धत परत आली. आज प्रवाशाला दोन पर्याय मिळतात. पहिल्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची किंवा रात्री आठच्या सुमाराची पंगत निवडायची असते, आणि सफर संपेपर्यंत तेच टेबल, तेच वेटर आणि तीच वेळ राहते. दुसऱ्यात, ज्याला कंपनी 'माय टाइम' म्हणते, आपल्याला हव्या त्या वेळी जाता येते; आधी वेळ राखून ठेवता येते किंवा थेट दारात जाऊन उभे राहता येते.

पाश्चात्त्य प्रवासी लहान मुले असणाऱ्यांना डोळे मिटून पहिली पंगत सुचवतात, कारण त्यांच्याकडची मुले आठला झोपलेली असतात. आपल्या बाबतीत हा सल्ला साफ उलटा ठरतो. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. म्हणजे जहाजावर साडेपाच वाजतात तेव्हा पुण्यात किंवा ठाण्यात दुपारचे तीन वाजलेले असतात आणि घरी असतो तर त्या वेळी दुपारची झोप आटोपून चहाचे आधण ठेवले असते. आधी दोन-तीन दिवस सिंगापुरात मुक्काम झाला असला तरी पोट एवढ्या लवकर नव्या वेळेला सरावत नाही. याउलट आठची पंगत भारतीय वेळेनुसार साडेपाचला सुरू होते आणि शेवटचा गोड पदार्थ येईपर्यंत सात वाजतात, जी वेळ आपल्याकडच्या बऱ्याच वडीलधाऱ्यांच्या जेवणाची असते. मुलांनाही त्या वेळी झोप आलेली नसते; त्यांना कंटाळा येतो तो जेवण दीड तास चालते म्हणून. त्यावर सोपा उपाय असा की, मोठ्यांचे पहिले पदार्थ येतील तेव्हाच मुलांचे मुख्य जेवण आणायला वेटरला सांगावे. ही विनंती तिथे नेहमीचीच आहे. तेव्हा भारतातून थेट येणाऱ्या कुटुंबाने दुसरी पंगत घ्यावी, असे मी निःशंकपणे म्हणेन. जे घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम पाळतात, त्यांनी अर्थातच पहिली घ्यावी.

या निवडीचा दुसरा धागा नाट्यगृहाशी जोडलेला आहे. मुख्य कार्यक्रमांचे खेळ साधारणपणे रात्री दोनदा होतात आणि ते पंगतींशी जुळवलेले असतात: पहिल्या पंगतीचे लोक नंतरचा खेळ पाहतात आणि दुसऱ्या पंगतीचे आधीचा. खेळ विनामूल्य असले तरी जागा कंपनीच्या ॲपवर आधीच राखून ठेवणे शहाणपणाचे असते, आणि ती राखताना जेवणाची वेळ समोर नसेल तर एक काहीतरी हातचे जाते. 'माय टाइम'मध्ये ही जुळवाजुळव रोज नव्याने करावी लागते. चौघांच्या कुटुंबाला ते जमून जाते. पण आठ-दहा माणसांना एकत्र बसायचे असेल, तर सात-साडेसातच्या गर्दीत एवढे मोठे टेबल रिकामे मिळण्याची वाट पाहावी लागते. मोठ्या कुटुंबाने म्हणूनच ठरावीक पंगतच निवडावी आणि निरनिराळ्या खोल्यांचे आरक्षण क्रमांक एकमेकांशी जोडून घेतले आहेत की नाही, याची स्वतः खातरजमा करावी. आमच्या एजंटने खोल्या शेजारच्या दिल्या होत्या, पण जेवणासाठी क्रमांक जोडलेच नव्हते; निघण्याआधी मुद्दाम विचारले म्हणून ते उघडकीस आले. खोल्या शेजारी असल्या की टेबलही आपोआप एक होते, असा समज करून घेऊ नये.

शाकाहारी मंडळींची धास्ती मात्र अनाठायी आहे. रॉयल कॅरिबियनच्या मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी पदार्थ अनेक वर्षांपासून ठेवला जातो आणि सिंगापूरच्या सफरींवर भारतीय प्रवाशांची संख्याच इतकी मोठी असते की बुफेतही डाळ, भात, भाज्या आणि रोटीचा विभाग असतो. चव उत्तर भारतीय हॉटेलातल्यासारखी असते, म्हणजे टोमॅटो-कांद्याची दाट ग्रेव्ही आणि बेताचे तिखट. आमटी-भाताची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होईल. पण उपाशी कोणी राहणार नाही. जैन जेवण हवे असल्यास त्याची नोंद आरक्षण होताच करावी, आणि तेवढ्यावर न थांबता पहिल्याच रात्री आपल्या विभागाच्या मुख्य वेटरला भेटून कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे चालत नाहीत, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. दुसऱ्या दिवशी काय हवे ते आदल्या रात्री सांगण्याची पद्धत तिथे आहे, आणि ठरावीक पंगतीचा खरा लाभ इथेच दिसतो. तोच वेटर रोज असल्यामुळे एकदा सांगितलेले पुन्हा सांगावे लागत नाही. माझ्या सासूबाईंच्या चतुर्थीच्या उपासाची गोष्ट त्याला पहिल्या रात्री नीट समजावली, आणि त्या दिवशी फळांची ताटली व दही न मागता त्यांच्यापुढे आले. बुफेत ही सोय कोणाकडे मागणार?

बुफेचे नाव 'विंडजॅमर' असून ते चौदाव्या मजल्यावर आहे. सकाळ आणि दुपारसाठी ते उत्तम. रात्रीसाठी मला ते पसंत नाही. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना हातात ताटली घेऊन गर्दीत फिरणे जड जाते आणि कुटुंबातील प्रत्येक जण वेगळ्या वेळी जागेवर येतो, त्यामुळे एकत्र जेवणे होतच नाही. जहाजावर चढण्याच्या दिवशी तर बहुतेक सगळे प्रवासी सामान सोपवून थेट तिथेच जातात, कारण दुपारपर्यंत खोल्या तयार नसतात. त्या दिवशी शक्य तेवढ्या लवकरची वेळ घेऊन चढावे, नाहीतर दुपारची मोठी गर्दी ओसरल्यावर जेवायला जावे. सोपवलेल्या बॅगा खोलीच्या दारापर्यंत पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधे आणि मुलांचा खाऊ हातातल्या पिशवीतच असू द्यावा. मधुमेहासाठी जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अडीच तासांच्या फरकाचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

घड्याळाचा आणखी एक घोळ फुकेतला होतो. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, तर पेनांगची सिंगापूरइतकीच. किनाऱ्याजवळ जाताच मोबाइल थायलंडचे नेटवर्क पकडून स्वतःहून तासभर मागे जातो. जहाजाने आपली वेळ बदलली आहे की नाही, हे रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहावे लागते. पंगत, खेळ आणि जहाजावर परतण्याची अंतिम वेळ ही सगळी जहाजाच्या घड्याळानुसारच असतात. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा इलाज आहे. बंदराच्या दिवशी परतायला उशीर होणार असेल तर पंगतीचा हट्ट न धरता बुफेत जेवावे. न गेल्याबद्दल कोणी विचारत नाही, फक्त वेटरला आदल्या रात्री कल्पना दिलेली बरी. पेनांगला मात्र दुपारचे जेवण किनाऱ्यावरच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. जॉर्ज टाउनमधील स्वेटनहॅम धक्क्यावरून 'लिटल इंडिया' हा तमिळ वस्तीचा भाग पायी जाण्याइतका जवळ आहे आणि तिथे केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या असे साधे, गरम जेवण मिळते. जहाजावरच्या जेवणाचे पैसे भरलेलेच आहेत म्हणून उन्हातून धावत परत जाणे हा नको त्या ठिकाणचा काटकसरीपणा होय.

चहाविषयी दोन वाक्ये लिहिली नाहीत तर हे परीक्षण मराठी वाचकाला अपुरे वाटेल. गरम पाणी, चहाच्या पिशव्या, दूध आणि साधी कॉफी बुफेत विनामूल्य मिळते; आल्याचा उकळलेला चहा ज्यांना सकाळी लागतोच, त्यांनी तयार चहाच्या पुड्या सोबत न्याव्यात. किटली किंवा पाणी तापवण्याची कॉइल नेऊ नये. अशा वस्तू जहाजावर निषिद्ध असून तपासणीत काढून घेतल्या जातात. बंद पाकिटातला चिवडा, खाकरा, लाडू रात्री उशिरा उपयोगी पडतात, एरवी त्या वेळी 'सोरेंटोज'मधला पिझ्झा आहेच. जहाजावरची फळे किंवा शिजवलेले अन्न मात्र बंदरावर उतरताना सोबत नेता येत नाही.

'चॉप्स ग्रिल', 'इझुमी' किंवा 'वंडरलँड' यांसारख्या जादा पैशांच्या उपाहारगृहांच्या जाहिराती आरक्षणापासूनच मागे लागतात. पहिल्या छोट्या सफरीत यांपैकी एकही घेण्याची गरज नाही. 'चॉप्स'चा सगळा भर मांसाच्या मोठ्या तुकड्यांवर आहे आणि 'इझुमी'चा माशांवर; शाकाहारी माणसाने तिथे पैसे मोजणे म्हणजे आनंदाने फसणे आहे. मत्स्याहारी कुटुंबाला जपानी पद्धतीचे मासे चाखायचेच असतील तर समुद्रात असलेल्या दिवशी दुपारी जावे, म्हणजे रात्रीची पंगत बुडत नाही. पेयांच्या पॅकेजचा हिशेबही नीट करावा. साधे पाणी, लिंबूपाणी आणि चहा-कॉफी भाड्यातच येते, शीतपेये व मद्य येत नाही. आणि खोलीतल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्या खोलीतल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावे लागते. पतीला हवे आणि पत्नीला नको, अशा घरात हा सौदा क्वचितच परवडतो. रोजची सेवा-बक्षिसी मात्र वेगळी आकारली जाते आणि ती दर माणशी असल्याने मोठ्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी.

या छोट्या सफरींत एक रात्र औपचारिक पोशाखाची असते. सूट शिवून घेण्याची गरज नाही. पैठणी आणि कुर्ता-पायजम्याला तिथे पुरेपूर मान आहे आणि त्या रात्री भोजनगृहात आपली मंडळी सर्वांत उठून दिसतात.

ज्या कुटुंबात वडीलधाऱ्यांना परकी वेळ आणि परके जेवण दोन्ही अवघड जाईल, त्यांनी मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या 'एम्प्रेस'चा विचार आधी करावा. हे जहाज १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठीच बांधले गेले होते आणि २०२१ पासून ते मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करते. तिथे घड्याळ बदलावे लागत नाही, जैन जेवणही मिळते, पण जहाज बरेच लहान आणि जुने असल्याने करमणुकीच्या जागा कमी आहेत. सिंगापूरचा प्रवास ठरलेलाच असेल तर 'अँथम'च्या भोजनगृहाला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण पहिल्या पंगतीच्या वेळेसाठी कापते.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी लवकर रिकामी करावी लागते आणि मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या सकाळी सगळे एकाच वेळी बुफेत येतात. मुख्य भोजनगृहात त्या मानाने शांतपणे बसून खाता येते, तेव्हा नाश्ता तिथेच घ्यावा. परतीचे विमान रात्रीचे असेल तर हा नाश्ता पोटभर करावा, कारण त्यानंतरचे भारतीय जेवण बहुधा चांगी विमानतळावर किंवा विमानातच मिळते. विमानातल्या शाकाहारी अथवा जैन जेवणाची नोंद तिकिटाबरोबरच करून ठेवावी.