पंपावरच्या दहा महिन्यांत वाचलेले फॅन्टसी लेखक : माझा क्रम आणि त्याची कारणं

गेल्या ऑक्टोबरात केळीची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची लागवड, लावली तेव्हापासून हे वाचन चालू आहे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात शेतीची थ्री फेज लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. लाईन आली की मोटर चालू करायची, फिल्टर धुवायचा, एका व्हॉल्व्हचं पाणी झालं की दुसरा उघडायचा. मध्ये तास-दीड तास हाताला काम नसतं, आणि झोपताही येत नाही, कारण लाईन कधीही जाते आणि आली की पुन्हा उठावं लागतं. त्या मधल्या वेळात पंपाच्या खोलीत खाटेवर बसून मी पंचवीसेक फॅन्टसी कादंबऱ्या वाचल्या. बहुतेक इंग्रजीतून. मोबाईलवर वाचायला गेलो तर उजेडावर किडे येऊन बसायचे, म्हणून डिसेंबरात कमी उजेडाचं वाचनयंत्र घेतलं. काही पुस्तकं कागदी आहेत.

इतके दिवस वाचल्यावर कोण वर, कोण खाली हे मनात पक्कं झालं आहे. माझी कसोटी सरळ आहे. रात्री दोन वाजता ज्याचं पान डोळा लागू देत नाही, आणि सकाळी चहा पिताना ज्याची गोष्ट आईला सांगता येते, तो लेखक वरचा. आई सत्तरीची आहे, इंग्रजी तिला येत नाही, पण गोष्टीतलं खोटं तिला लगेच कळतं. तिचा कौल मी या क्रमात धरला आहे.

पहिल्या जागेवर अर्सुला ले ग्विन. त्यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 सालचं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा गेड नावाचा एक पोरगा, त्याच्या अंगात जादू आहे, आणि त्याला शिकवायला ओगियन नावाचा अबोल म्हातारा मिळतो. या ओगियननं एकदा भूकंप शांत केलेला आहे. दोघं डोंगरातून चालत निघतात, पाऊस लागतो. पोराला वाटतं, आता गुरू मंत्र म्हणेल आणि ढग बाजूला सारेल. बाकीचे जादूगार तसंच करतात. ओगियन काहीच करत नाही. एक दाट झाड बघतो आणि त्याच्याखाली आडवा होतो. पोरगा झुडपात भिजत, चडफडत बसून राहतो.

मी हे पान पहिल्यांदा वाचलं ते हिवाळ्यात, आणि चांगलं आहे म्हणून पुढे गेलो. मे महिन्यात वादळ आलं. मृगबागेतली, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली, निसवलेली केळी घडासकट आडवी झाली. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, केळीचं झाड मोडताना मोठा आवाज होत नाही. ओलं गोणपाट खाली टाकावं तसा आवाज येतो, आणि एका ओळीत तो येतच राहतो. पंचनामे झाले, फोटो काढले. तिसऱ्या रात्री लाईन आली तेव्हा मी तेच पुस्तक पुन्हा काढलं, कारण नवीन काही वाचायची इच्छा नव्हती. त्यात जादूच्या शाळेतला एक गुरू पोरांना सांगतो की इथे पाऊस पाडाल तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडेल, पूर्वेकडचा वारा थांबवाल तर पश्चिमेला वादळ होऊन नासधूस होईल. म्हणून काय करतो आहोत ते नीट समजून करा. त्या रात्री मला ओगियन कळला. ज्याला पाऊस थांबवता येतो आणि तरी जो थांबवत नाही, त्याला तो पाऊस पुढे कुठे जाईल हे माहीत असतं.

सकाळी आईला हे सांगितलं. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मंग बरोबर केलं त्यानं. दुसऱ्याच्या वावरातलं पानी कशाले पयवाचं?” एका वाक्यात तिनं ओगियन सांगून टाकला.

या जगात जादू नावावर चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव आहे. ते ज्याला कळलं त्याची सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात आणि चारचौघांत दुसरं नाव लावतात. आमच्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. रात्री पंपावर सापाचं नाव कोणी काढत नाही, ‘लांबडं’ म्हणतात. माझे आजोबा म्हणायचे, मीही म्हणतो. लहानपणापासून पाळलेल्या एका गोष्टीवर या बाईंनी अख्खं जग उभं केलेलं बघून मला फार आपलेपणा वाटला.

आणखी एक. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे आणि त्या बेटांवरची बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत. गोरे आहेत ते पूर्वेकडून धाड घालायला येणारे. 1968 साली अमेरिकेत बसून त्यांनी हे ठरवून लिहिलं. पुढे 2004 साली टीव्हीवर ही कथा आली तेव्हा नायक गोरा केला, आणि त्यांनी जाहीरपणे लिहून त्याला हरकत घेतली. त्यांचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते. माणसं कशी राहतात, काय खातात, कशाला भितात हे बघायची नजर घरातूनच आलेली दिसते.

उणीव सांगायलाच हवी. पहिल्या पुस्तकात बायकांची जादू कमकुवत आणि दुष्ट असते अशी म्हण त्या बेटावरच्या लोकांच्या तोंडी आहे, आणि शाळेत एकही मुलगी नाही. मला ते खटकलं. पण त्यांनाही ते खटकलं असावं, कारण तिसऱ्या पुस्तकानंतर 18 वर्षांनी, 1990 साली, त्यांनी ‘तेहानू’ लिहिलं आणि तेच जग बाईच्या बाजूनं पुन्हा पाहिलं. आपल्या गाजलेल्या पुस्तकाकडे परत जाऊन त्यातलं अपुरं भरून काढणारा लेखक मला दुसरा भेटला नाही.

दुसऱ्या जागेवर टॉल्किन. पुष्कळ जण मला यावरून भांडतील. माझा मावसभाऊ तर चिडलाच. पण दुसरी जागा लहान नाही.

ऑक्सफर्डला भाषा शिकवणारा हा माणूस. आधी त्यानं भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारी माणसं, त्यांचे डोंगर, त्यांचा इतिहास. 1937 ला ‘द हॉबिट’, 1954-55 मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग. पहिल्या महायुद्धात, 1916 च्या सोम इथल्या लढाईत तो स्वतः होता. चिखल, प्रेतं, मरून गेलेली जमीन यांची वर्णनं वाचताना ते जाणवतं. सुरुवातीची शंभरेक पानं संथ आहेत, गाणी पुष्कळ आहेत. ती गाळू नका. रात्री मोठ्यानं वाचून बघा, आसपास कोणी नसतं.

माझ्यासाठी या पुस्तकाचा नायक सॅम आहे. माळी. परतीच्या वाटेवर सगळे राजे, तलवारी मागे पडतात आणि तो गावी येतो तर गावातली झाडं तोडून टाकलेली. त्याच्याजवळ एल्फांच्या राणीनं, गॅलाड्रिएलनं दिलेली लाकडी डबी असते, तिच्या बागेतल्या मातीची, आणि आत एक बी. तो गावभर हिंडून रोपं लावतो आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण ठेवतो. एकेक कण! आम्ही केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावताना प्रत्येक खड्ड्यात जिवाणू खताची चिमूट टाकतो, तेव्हा वाकून वाकून कंबर धरते, पण एकही खड्डा चुकवत नाही. हजारभर पानांच्या युद्धाच्या पुस्तकात शेवटी हे काम येतं आणि लेखक त्याला तेवढीच जागा देतो. वाचताना माझे डोळे भरून आले होते.

या पुस्तकाबाबत एक वाईट अनुभवही आला. ऑनलाइन मागवलेल्या संचात दुसऱ्या भागातली सोळा पानं दोनदा छापलेली आणि पुढची सोळा गायब. नेमका तो भाग, जिथे सॅम आणि त्याचा मालक फ्रोडो एका अजस्र, जाळं विणणाऱ्या कोळिणीच्या गुहेत शिरतात. मला ते कळलं तोवर परत करायची मुदत संपली होती आणि विकणाऱ्यानं हात वर केले. दोन रात्री मी त्या गुहेच्या तोंडाशी अडकून होतो. घेताना मध्ये मध्ये पानांचे आकडे तपासा.

मग पहिली जागा का नाही? कारण टॉल्किनच्या जगात ऑर्क, म्हणजे शत्रूच्या फौजेतले राक्षस, जन्मतःच वाईट आहेत. हजारोंनी मरतात आणि त्यांच्यातल्या एकाचंही घर दिसत नाही, त्याच्यासाठी रडणारं कोणी दिसत नाही. ले ग्विनच्या गेडला जो अंधार मागे लागतो तो त्याच्याच गर्वातून सुटलेला असतो. मला ते जास्त खरं वाटतं.

तिसरे टेरी प्रॅचेट. त्यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेच्या 41 कादंबऱ्या आहेत. मी त्यातल्या सातच वाचल्या. त्यातल्या पाच टिफनी एकिंग या चेटकीण होऊ पाहणाऱ्या पोरीच्या. इंग्रजी शब्दांच्या कोट्या अडखळायला लावतात, हे खरं. पण टिफनीची आजी मेंढपाळ आहे, आणि ‘द वी फ्री मेन’ या 2003 सालच्या पुस्तकात ती आजी गेल्यावर तिला माळावरच पुरतात आणि कफनाला लोकरीचा झुबका टाचतात. म्हणजे वर देवांना कळावं की ही मेंढपाळ होती, मेंढ्या टाकून तिला देवळात येता आलं नसेल तर रागावू नये. हे मी आईला सांगितलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. आबांना नेलं तेव्हा तिनं त्यांच्या उशाशी वावरातल्या मातीचं ढेकूळ ठेवायला लावलं होतं. आईच्या कौलानं प्रॅचेट टॉल्किनच्याही वर जातात. मी तिसरे ठेवतो, कारण बाकीची चौतीस पुस्तकं वाचल्याशिवाय मला त्यांना हलवायचं नाही. 2007 साली स्मृतिभ्रंशाचा आजार कळल्यावरही 2015 मध्ये जाईपर्यंत ते लिहीत राहिले.

ब्रँडन सँडरसन चौथे. ‘मिस्टबॉर्न’ 2006 चं. धातूचे कण गिळायचे आणि पोटात ‘जाळायचे’, प्रत्येक धातूची वेगळी शक्ती. नियम पक्के, कुठे फसवणूक नाही. भाच्याला हे सगळ्यांत आवडलं. तो आयटीआयला फिटर आहे आणि “मामा, याचं सगळं मापात असतं” असं म्हणाला. खरं आहे. आकाशातून राख पडते आणि झाडंझुडपं तपकिरी आहेत, तरी पिकं कशी येतात, हा प्रश्न मला पहिल्या पानापासून होता. तिसऱ्या भागात त्याचं उत्तर मिळालं तेव्हा मी मनापासून खूश झालो. भाषा मात्र सपाट आहे. गोष्ट लक्षात राहते, वाक्य एकही राहत नाही.

जॉर्ज मार्टिन पाचवे. माणसं उभी करण्यात यांचा हात कोणी धरणार नाही. वाईट वाटणारा माणूस तीनशे पानांनी आपला होतो. पण त्यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचा पहिला भाग 1996 चा, पाचवा 2011 चा, आणि मी हे लिहीपर्यंत सहावा आलेला नाही. अर्धवट गोष्ट आईला सांगता येत नाही. एकदा सुरू केली तर तिनं “मंग काय झालं?” विचारलं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिवाय अनेक वर्षांचा हिवाळा येणार म्हणून सगळे भितात, पण तेवढी वर्षं खायचं काय, याचा हिशेब राजकारणाच्या मानानं फारच थोडा येतो. मला कोठारं बघायची होती.

रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका 14 भागांची. 2007 साली ते गेले आणि शेवटचे तीन भाग सँडरसन यांनी पूर्ण केले. मी सहाव्या भागाशी थांबलो. केळीची पिलं वेळेवर कापली नाहीत तर मूळ झाडाचा घड भरत नाही. तिथे तसं झालं आहे. रोलिंग यांना मी क्रम देत नाही. हॅरी पॉटर शाळेत असताना मराठीतून वाचलं, त्यानं या वाटेला लावलं, आणि त्या वयाचं प्रेम आजच्या तराजूत घालणं मला योग्य वाटत नाही.

जुने मराठी कादंबरीकार नाथमाधवही असेच क्रमाबाहेर. त्यांची अद्भुतरम्य ‘वीरधवल’ आबांच्या पत्र्याच्या पेटीत होती, पाठीचा कणा फाटलेली. आबा ती आम्हाला पावसाळ्यात वाचून दाखवायचे. फॅन्टसी हे तिकडचं खूळ असं कोणी म्हटलं की मला ती पेटी आठवते. आणि आठवतो तो नंदुरबारकडचा अस्तंबा. माझा शहाद्याचा एक मित्र दिवाळीत सातपुड्यातल्या त्या शिखराच्या यात्रेला जातो. तिथे अश्वत्थामा अजून हिंडतो, कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो, असं सांगतात. न मरण्याचा शाप आणि न भरणारी जखम. आपल्या मराठीत कोणी या माणसाला घेऊन तीन भाग लिहिले, तर मी दहा महिने तेवढंच वाचीन.

सध्या ‘तेहानू’ अर्ध्यावर आहे. त्यात ओगियन सुरुवातीलाच जातो. मुख्य बाई एका शेतकऱ्याची विधवा आहे, आणि तिच्याकडे भाजलेली, टाकून दिलेली एक पोर आली आहे. गेड परत आला आहे, पण त्याची जादू संपली आहे आणि तो पुन्हा शेळ्यांकडे गेला आहे. काल सकाळी एवढं सांगून मी फवारणीला निघालो, तर आई मागून ओट्यापर्यंत आली आणि विचारत होती, त्या पोरीचा हात बरा झाला का. आज लाईन रात्री दहाला आहे.