कील फिश की उभ्या फिन्सचा ट्विन: नेरूळमधून आठ महिने दोन्ही बोर्ड वापरून

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनपर्यंत घरात दोन ट्विन फिन सर्फबोर्ड आहेत (ट्विन म्हणजे बुडाला दोनच फिन, पाण्यात पकड देणारी पाती), मी आणि माझा भाचा दोघं आलटून पालटून वापरतोय, त्यामुळे आता जरा खात्रीने लिहिता येईल असं वाटलं. मी नेरूळला राहते, वजन ५८ किलो, सर्फिंग सुरू करून सात वर्षं झाली पण वर्षातले पाण्यातले दिवस मोजले तर तीस-पस्तीसच भरतात, कारण आपल्या खाडीत फ्लेमिंगो आहेत, चिखल आहे, लाट नाही, आणि लाट हवी तर पनवेलला कोकण रेल्वेची गाडी पकडून रात्रभर प्रवास करून कर्नाटकात मंगळूरजवळचं मुल्की गाठावं लागतं. म्हणजे मी इंटरमीजिएट, नवशिकी नाही आणि तरबेजही नाही. भाचा ठाण्याचा, कोपरीत राहतो, २३ वर्षांचा, ७२ किलो, दीड वर्ष चेन्नईजवळच्या कोवलमला राहून रोज पाण्यात होता, त्यामुळे तो माझ्या खूपच पुढे. एकच बोर्ड दोघांच्या पायाखाली कसा वेगळा वागतो ते बघायला मिळालं.

पहिला बोर्ड फिश. ५ फूट ६ इंच, रुंदी २१ इंच, जाडी अडीच, साधारण ३३ लिटर, आत ईपीएस (थर्माकोलसारखा) फोम आणि वर इपॉक्सी रेझिन, खाली दोन कील फिन, म्हणजे बुटक्या पण लांब बुडाच्या. दुसरा ५ फूट १०, रुंदी पावणेवीस, ३० लिटर, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, उभ्या उंच फिन आणि मध्ये हवी तेव्हा लावायच्या छोट्या ट्रेलर फिनसाठी एक जादा बॉक्स (खाच). याआधी माझ्याकडे साधा तीन फिनचा थ्रस्टर होता, २८ लिटरचा, पाच वर्षं तोच.

हे दोन्ही बोर्ड दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत हे आधी माहीत असतं तर मी दोघांकडून एकच अपेक्षा ठेवली नसती. फिश म्हणजे १९६७ च्या सुमाराला सॅन डिएगोत स्टीव्ह लिसने गुडघ्यावर बसून चालवायला बनवलेला बोर्ड, बुटका, सपाट, रुंद, खोल स्वॅलो टेल, म्हणजे माशासारखी दुभंगलेली शेपूट. उभ्या फिनचा ट्विन आला ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सकडून, त्याने १९७६ मध्ये हवाईच्या रेनो अबेलिराचा छोटा ट्विन बघितला आणि स्वतःचा बनवायला घेतला, मग १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं वर्ल्ड टायटल. पण मोठ्या उभ्या लाटेत ट्विनची शेपूट सुटते ही तक्रार तेव्हाही होतीच, ऑस्ट्रेलियाच्याच सायमन अँडरसनने तिसरी फिन लावली आणि १९८१ ला तिथल्या बेल्स बीचची स्पर्धा त्या बोर्डवर जिंकली, तिथून सगळं जग थ्रस्टरकडे गेलं. आपण सगळे थ्रस्टरवरच शिकलो ते त्यामुळेच, आणि ट्विनवर पहिल्यांदा गेल्यावर जी फजिती होते तीही त्यामुळेच.

माझा पहिला महिना खरंच वाईट गेला. मुल्कीजवळच्या ससिहित्लूला सकाळी सहाला पाण्यात, जमिनीवरून येणारा वारा, कंबरेएवढी स्वच्छ लाट, टेकऑफ, म्हणजे लाट धरून उभं राहणं, एकदम सोपा कारण फिश पॅडलला थ्रस्टरपेक्षा कितीतरी पुढे आहे, दोन हात मारले की लाट धरते, आणि मग मी सवयीने मागचा पाय शेपटीवर दाबून वळायला जायचे आणि शेपूट सर्रकन बाहेर. थ्रस्टरला मधली फिन असते, ती पाण्यात रुतून बसते, त्या खुंट्याभोवती तुम्ही फिरता. इथे खुंटाच नाही. मधली फिन नाही म्हणून पाण्याचा अडथळा कमी, म्हणूनच बोर्ड पळतो, पण त्याच कारणाने मागच्या पायाची जबरदस्ती तो ऐकत नाही. भाचा किनाऱ्यावरून ओरडत होता, "मावशी, मागचा पाय सोड, रेल दाब!" रेल म्हणजे बोर्डची कड. मला तेव्हा कळतच नव्हतं की पाय सोड म्हणजे नक्की काय करू.

ते कळलं नेरूळला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर, सर्फस्केटवर, म्हणजे सर्फबोर्डसारखा वळणाऱ्या स्केटबोर्डवर. गुडघे वाकवून, छातीच्या बाजूचा हात जमिनीकडे नेऊन, नजर जिथे जायचंय तिथे, आणि वजन दोन्ही पायांच्या मधून कडेवर. महिनाभर रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं. डिसेंबरात परत गेले तेव्हा एक उजवी (उजवीकडे फुटत जाणारी) लाट मिळाली, छातीएवढी, तिच्या तळाशी पोचले, रेल अख्खी पाण्यात गेली, बोटं पाण्याला लागली आणि बोर्डने असा काही जोर पकडला की पुढचा मऊ सपाट भाग, जिथे थ्रस्टरवर मी बोर्ड खालीवर दाबून तीन-चार पंप मारूनही अडकायचे, तो मी नुसती उभी राहून पार केला. काहीच केलं नाही, उभी राहिले. त्या एका लाटेसाठी फिशचे पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणते.

म्हणून माझं मत असं की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे ज्या लाटा असतात, बारीक, मऊ, मधेच विरणाऱ्या, त्यात इंटरमीजिएट माणसाने कील फिशच घ्यावा. बरेच जण सांगतात आधी उभ्या फिनचा ट्विन ट्रेलर लावून घे, थ्रस्टरच्या जवळ जातो, सोपा पडतो. सोपा पडतो हे खरं आहे, मी पण पाहिलं, ट्रेलर लावल्यावर शेपूट सुटणं जवळजवळ थांबलं, पण मग मी परत जुन्याच सवयीने मागच्या पायावर वळायला लागले आणि शिकणं तिथेच थांबलं. फिशने मला बॉटम टर्न, म्हणजे लाटेच्या तळाशी घ्यायचं ते वळण, शिकवला, कारण त्याच्याकडे पळवाट नव्हती.

भाच्याचा अनुभव मात्र उलटा. त्याला फिश दोन दिवसांत कंटाळवाणा वाटला. त्याचं म्हणणं असं की कीलचं बूड लांब असल्यामुळे बोर्डला स्वतःची रेघ असते, लांब गोल वळण मस्त जातं, पण लाटेच्या ओठाकडे सरळ वर जायचं म्हटलं की उशीर होतो. जूनमध्ये आम्ही महाबलीपुरमला गेलो (पावसाळ्यात आपल्या बाजूला समुद्रात उतरायचा प्रश्नच नाही, तेव्हा पूर्व किनाराच), तिथे शोअर टेंपलजवळची उजवी पॉइंट लाट, डोक्याएवढी, लांब भिंत. तिथे मला दोन्ही बोर्डांतला फरक उघड दिसला. फिशवर मी तीनदा नाकावर आपटले, लाट उभी राहायला लागली की सपाट रॉकरमुळे (म्हणजे बोर्डचं टोक वर फारसं वळलेलं नसल्यामुळे) पुढचं टोक पाण्यात घुसतं, जरा उशिरा उठलं की गेलंच. भाचा त्याच लाटांवर उभ्या फिनच्या ट्विनवर, ट्रेलर काढून. त्याचा एक कटबॅक (लाटेच्या फेसाकडे परत वळणं) मी चॅनेलमध्ये, लाट फुटत नाही त्या खोल पाण्यात बसून अगदी जवळून पाहिला, फेसाच्या दिशेने वळताना शेपूट हातभर सरकली, क्षणभर वाटलं गेला, आणि फिनने पाणी पकडलं तशी सगळी घसरण वेगात बदलून तो परत लाटेच्या खांद्याकडे, न फुटलेल्या भागाकडे निघाला. थ्रस्टरवर ती घसरण येत नाही आणि त्यानंतरचा तो वेगही येत नाही. ज्याला शेपूट कधी सुटणार आणि कधी पकडणार हे पायातून कळतं त्याने उभ्या फिनचाच घ्यावा. त्याहून मोठी, पोकळ लाट असली तर भाचासुद्धा ट्रेलर लावतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता टिकण्याबद्दल, कारण इथे माझं नुकसान झालं. ईपीएस-इपॉक्सी हलका आणि टणक असतो पण उन्हात बंद गाडीत ठेवू नका. मी एप्रिलमध्ये दुपारभर ठेवला, डेकवर (बोर्डच्या वरच्या बाजूला) पुढच्या पायाखाली हातावर उठतो तसा फोड आला, अजून आहे. त्याहून वाईट म्हणजे रेलला छोटा डिंग, म्हणजे खोक पडली होती, नखाएवढा, एका ठिकाणी दुरुस्तीला दिला, त्यांनी विचारलंही नाही की फोम कुठला आणि पॉलिएस्टर रेझिन ओतलं. पॉलिएस्टरमधलं स्टायरिन ईपीएस फोम विरघळवतं. बोर्ड परत आला तेव्हा वरून गुळगुळीत, पण अंगठ्याने दाबलं तर आत लिंबाएवढी पोकळी. मला रडू आलं होतं खरंच. ईपीएसला इपॉक्सीच लागतं, देताना तोंडाने सांगा आणि बोर्डवर मार्करने लिहूनही ठेवा. पीयूवर दोन्ही चालतं, आपल्याकडे दुरुस्तीला तो जास्त सोपा, फक्त वजन जास्त, पिवळा पडतो आणि डेकवर टाचेचे खड्डे होतात. भाच्याच्या वजनाने आठ महिन्यांत सहा-सात झालेत, वापरात फरक नाही.

फिनचं एक लक्षात ठेवा, ट्विनच्या फिन जोडीने येतात आणि आकाराने मोठ्या असतात, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात वाळूला लागून एक जरी निघाली तर तो दिवस संपला. माझी एक अशीच गेली, स्क्रू नसलेली, नुसती दाबून बसणारी सिस्टीम होती, आता त्या बॉक्समध्येही स्क्रू घट्ट करून ठेवते आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुते, नाहीतर मिठाने स्क्रू जाम होतो.

प्रवासात फिश जिंकतो. थ्री टायरच्या वरच्या बर्थवर भिंतीला लावून ठेवला की मी शेजारी अंग चोरून झोपू शकते. ५ फूट १० ची बॅग बर्थच्या बाहेर येते, पनवेल ते मुल्की येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं वाचवत रात्र जाते, एका काकांनी तर रत्नागिरीपर्यंत ती स्वतः धरून ठेवली होती.

सध्या उभ्या फिनचा ट्विन कोपरीला भाच्याच्या घरी गेलाय, भाचा स्वतः सप्टेंबरपर्यंत कोवलमला आहे. फिश माझ्याकडे, फोडासकट. मुल्कीची तिकिटं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याची काढायचीत, वरचा बर्थ.