स्ट्रॅटचा सेटअप घरीच: दहा महिन्यांनंतर

सेटअपसाठी (तारांची उंची, मानेचा बाक, सूर जुळवून घ्यायला) डोंबिवलीहून दादरला गिटार न्यायची म्हणजे लोकलमध्ये बॅग छातीशी कवटाळून उभं राहायचं, चार दिवसांनी ती आणायला पुन्हा तीच वारी, आणि वर पंधराशे रुपये. दोनदा केलं. तिसऱ्यांदा जाड तार खरखरायला लागली तेव्हा म्हटलं, आता आपणच शिकू. गिटार स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या) पद्धतीची आहे: साडेपंचवीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), पाठीमागे ट्रेमोलोच्या, म्हणजे तारा टेकतात त्या हलत्या ब्रिजच्या, तीन स्प्रिंगा.

ऑनलाइन मागवलेल्या सेटअप किटमधलं निम्मं सामान अजून पिशवीतच आहे. खरोखर लागतात तीन गोष्टी: क्लिप ट्यूनर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). गेज तर किटमध्ये नव्हतंच, स्कूटरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलं. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच. दुकानदाराने विचारलं, गाडी कुठली? गिटार म्हटल्यावर त्याने काही न बोलता पैसे घेतले.

ॲलन चाव्यांनी मात्र दगा दिला. किटमधल्या चाव्या इंचातल्या, माझ्या सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू १.५ मिलिमीटरचे. ०.०५० इंचाची चावी त्यात बसते, म्हणजे बसल्यासारखी वाटते. दोन वेळा घसरली आणि एका स्क्रूची आतली षटकोनी खाच गोल होऊन गेली. चावी आत गेल्यावर जरासुद्धा हलत असेल तर ती तुमची नव्हे.

नेकची, म्हणजे गिटारीच्या मानेची, भीती सगळ्यांना असते, मलाही होती. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) फिरवला की कडकन मोडणार असं वाटायचं. प्रत्यक्षात हेच काम सगळ्यात शांत. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावायचा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची. फेंडरच्या सेटअप मार्गदर्शकात ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (वरच्या गोलाईच्या) नेकसाठी ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर, दिलंय. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, तोही एका वेळी पाव वळशाहून कमी. मग पुन्हा सूर लावून पुन्हा मोजायचं. माझ्या गिटारीची फट जुलैत वाढली होती, नोव्हेंबरात पुन्हा थोडी कमी झाली. आता पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वहीत आकडे लिहून ठेवतो.

खरी शिकवणी ऑक्टोबरात झाली. ०.००९ च्या (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात) तारा काढून ०.०१० चा सेट चढवला. सूर लावले आणि तारा एकदम उंच, बोटं दुखायला लागली. मी शहाणपणा करून सॅडल खाली घेत गेलो, पार तळाला टेकेपर्यंत. तरी ॲक्शन (तारांची उंची) जास्तच. (तो खाच गेलेला स्क्रू याच संध्याकाळचा.) शेवटी गिटार आडवी धरून बाजूने पाहिली तर अख्खा ब्रिजच मागून उचललेला! जाड तारांचा ताण वाढला, स्प्रिंगांचा तेवढाच राहिला. पाठीचं झाकण काढून स्प्रिंगा ज्यात अडकवतात त्या क्लॉचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा वळसा आवळले, सूर लावले, पुन्हा आवळले. असं पाच-सहा वेळा. ब्रिजच्या मागच्या बाजूला साधारण ३ मिलिमीटर फट आल्यावर थांबलो. मग सॅडल वर घेऊन सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटरची उंची लावली. चुकीचा स्क्रू मी तासभर फिरवत होतो.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर खरा लागणं, त्यामानाने सोपं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर पाहायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचं, उतरता असेल तर नेककडे. हे नव्या तारांवरच करा. जुन्या तारांवर मी एक अख्खा रविवार घालवलाय.

ही सगळी खटपट चालू असताना आत्या घरी आली होती. ती मिरजेचा तंबोरा लावते. खरखर कमी करण्यासाठी माझी चाललेली धडपड पाहून म्हणाली, "अरे, आम्ही ती गुणगुण आणायला तारेखाली जवाचा दोरा सरकवत बसतो, आणि तू घालवतोयस?" तिला एक फ्रेट धरून ऐकवलं. "ही जवारी नाही, हा तर पत्रा वाजतोय," एवढंच म्हणाली. कान पक्का आहे.

नटला (नेकच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीला) अजून हात लावलेला नाही. जी तार ट्यून करताना टिंग करून अडकायची, तिथल्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं आणि भागलं. पहिल्या फ्रेटवर ती जरा चढी वाजते, खाच उथळ राहिली असावी. पण कानशीने एकदा जास्त खोल गेली की नवा नटच बसवावा लागतो, आणि त्या कानशींच्या सेटची किंमत पाहिल्यावर दादरची वारी स्वस्त वाटते. जानेवारीत नेईन, दुपारच्या रिकाम्या गाडीने.