नव्या घराचा आतला रंग: चुना, डिस्टेंपर की इमल्शन?

आमच्या घराची छपाई श्रावणात झाली आणि दिवाळीला रंग लागला. (छपाई म्हणजे प्लास्टर, विदर्भात हाच शब्द चालतो.) रंगाऱ्याने भिंतीवर तळहात टेकवून बाबांना सांगितलं होतं, "काकाजी, भीत अजून ओली हाये. कायले घाई करता?" घरात बहिणीचं लग्न होतं, घाई आम्हीच केली. पुढच्या पावसाळ्यात बैठकीच्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पांढरा खार फुटला आणि पिस्ता रंगाचे पोपडे पुट्टीसकट खाली आले. (पुट्टी म्हणजे भिंत गुळगुळीत करायला रंगाखाली देतात तो लेप.) ते महागातलं इमल्शन होतं. शेजारी, त्याच वर्षी बांधलेल्या चुलत्यांच्या घरात चुन्याचे दोन हात मारले होते. खार तिथेही आला, पण सोलून निघेल असा पापुद्राच भिंतीवर नव्हता. काकूंनी खराट्यानं झाडला आणि पोळ्याच्या आधी पुन्हा एक हात दिला.

त्या दिवसापासून कोणी रंगाचं विचारलं की मी आधी भिंतीचं विचारतो. भिंत किती सुकली आहे, ती कोणत्या पाण्यानं बांधली आहे आणि जोत्याला डीपीसी (जमिनीची ओल भिंतीत चढू नये म्हणून देतात तो थर) टाकली आहे का, हे ठरल्याशिवाय शेड कार्ड उघडू नका.

आमचं गाव दर्यापूरकडचं, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यानं माल कालवला, त्याच पाण्यानं छपाईवर पाणी मारलं, की क्षार भिंतीतच राहतात. भिंत सुकताना पाणी बाहेर येतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे पडतात. वर रंगाचा घट्ट पापुद्रा असेल तर ते त्याच्या मागे साचतात आणि त्याला ढकलून काढतात. दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पाण्यानं फुगते, उन्हात आक्रसते. पाया तिच्यावर असेल तर पहिल्या पावसाळ्यात आणि पहिल्या उन्हाळ्यात भिंतीला केसासारख्या चिरा पडणारच. त्या पडून गेल्यावर भरलेल्या बऱ्या.

सिमेंटची छपाई पुरी पक्व व्हायला २८ दिवस धरतात. पण पक्व होणं वेगळं आणि सुकणं वेगळं. पावसाळ्यात झालेली छपाई सुकायला तीन-चार महिनेही कमी पडतात. तपासायचं असेल तर दोन फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीच्या खालच्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवा. आतून थेंब धरले किंवा भिंत काळसर दिसली तर पुट्टीवाल्याला फोन करू नका.

चुना

चुन्याला गरिबाचा रंग म्हणतात, ते मला पटत नाही. नव्या भिंतीला पहिल्या वर्षी त्याच्याइतका चांगला सोबती नाही. ओल बाहेर पडू देतो, त्याच्या क्षारी स्वभावामुळे बुरशी सहज धरत नाही आणि बिघडला तरी नुकसान थोडं. कळीचा चुना आणून भिजवायचा, रात्रभर मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची. भिजवताना तो उकळल्यासारखा तापतो, म्हणून लोखंडी ड्रम किंवा टाकं वापरा, प्लास्टिकची बादली नको, आणि लेकरांना दूर ठेवा. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. हात पातळ द्यायचे, दोन किंवा तीन. ओला असताना पारदर्शक दिसतो म्हणून नवखा माणूस जाड थापतो आणि मग तो पावडरीसारखा झडतो. रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती, नीळ असे चुन्याला टिकणारेच घाला.

उणीव उघड आहे: पाठ टेकली की कपड्याला लागतो आणि पुसता येत नाही. आणखी एक, जी कमी लोक सांगतात. चुन्यावर थेट पुट्टी किंवा इमल्शन मारलं तर ते चुन्याला धरतं, भिंतीला नाही, आणि चुन्यासकट निघतं. पुढे इमल्शन द्यायचं ठरलेलंच असेल तर चुना खरवडायची मजुरी आत्ताच हिशेबात धरा. नाहीतर पहिल्या वर्षी चुन्याऐवजी पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात द्या आणि त्यावर दोन दिवस पाणी मारा. तो भिंतीला पक्का धरतो आणि नंतर काचकागद फिरवून त्यावर पुट्टी बसते.

डिस्टेंपर

डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा पाण्यात कालवायचा रंग, मधला रस्ता समजला जातो. मला तो नव्या घरासाठी सगळ्यात कमी आवडतो. इमल्शनपेक्षा डबा बराच स्वस्त, हे खरं. पण खाली प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी देतात तो हात) तोच, पुट्टी तीच, रंगाऱ्याची मजुरीही जवळपास तेवढीच. वाचतात ते फक्त डब्यातले पैसे, आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा सगळं घर रिकामं करून रंगवावं लागतं. ओल्या फडक्यानं हलकं पुसता येतं असं डब्यावर असतं, पण घासलं की रंग फडक्याला येतो. आपल्याकडे एप्रिल ते जून खिडकीत कूलर फिरतो, खिडकीखाली पाण्याचे ओघळ येतात, आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर ते ओघळ कायमचे उमटतात. जुना तेलमिश्रित डिस्टेंपर तर ताज्या छपाईवर नकोच. सिमेंटमधला क्षार तेलाशी मिळून अक्षरशः साबण करतो आणि रंग मऊ पडतो, डाग धरतो. अॅक्रिलिक डिस्टेंपरला हा त्रास कमी.

तरी एक जागा त्याची आहे: छत. छताला कोणी हात लावत नाही, पाठ टेकत नाही. तिथे पांढऱ्या अॅक्रिलिक डिस्टेंपरनं चांगले पैसे वाचतात.

इमल्शन

लोक ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात ते हेच. भिंत सुकलेली असेल, डीपीसी असेल, खार दिसत नसेल, तर डोळे झाकून इमल्शन. पाच-सात वर्षं बघावं लागत नाही, लेकरांचे हात पुसले जातात, रंग एकसारखा राहतो. साधं इमल्शन आणि भारी इमल्शन यांत मुख्य फरक धुण्याचा आणि चकाकीचा. जितकी चकाकी जास्त तितकं पुसणं सोपं, पण पुट्टीचा प्रत्येक खड्डा-उंचवटा बाजूनं येणाऱ्या उजेडात दिसतो. गावाकडच्या छपाईला धारदार सपाटी क्वचितच असते, म्हणून बैठकीला मऊ चकाकीचं पुरे, फार झळाळीचं नको.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. तिकडे वर्षाला १,२०० मिलीमीटरच्या वर पाऊस, घराला लागून धानाच्या बांध्यांत पाणी उभं. खाऱ्या पाण्याचा त्रास आमच्यासारखा नाही, पण भिंत आमच्यापेक्षा उशिरा सुकते आणि बुरशीचे काळे ठिपके लवकर येतात. तिथे दिवाळीचा मुहूर्त सोडून फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगाचं काम काढावं. आमच्याकडेही तोच काळ चांगला. भर मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना रंग ब्रशवरच सुकतो आणि जोड दिसतात; करायचंच असेल तर सकाळी अकराच्या आत आटपा.

पुट्टीबद्दल थोडक्यात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्या. अॅक्रिलिक पुट्टी गुळगुळीत होते पण ओलीला तेवढी टिकत नाही. जुने रंगारी खडूची भुकटी आणि तेल मिसळून लांबी नावाचा लेप भरतात, तो नव्या भिंतीवर टाळा. दोन हातांपेक्षा जास्त पुट्टी नको. वाकडी भिंत पुट्टीनं सरळ करायला निघालं की जाड थर बसतो आणि तोच आधी सुटतो.

खोली बघून

सगळ्या घराला रंगाची एकच जात द्यायची हा हट्ट कशाला? स्वयंपाकघरात गॅस असला तरी भाकरी, वरण, अंघोळीचं पाणी अजून चुलीवर होतंच. चुलीमागच्या भिंतीला टाइल नसेल तर चुना लावा आणि दर दिवाळीला नवा हात द्या. इमल्शनवर धुराची काजळी चिकट बसते आणि पुसली तर पसरते. बाकीच्या स्वयंपाकघराला धुता येणारं इमल्शन. कापूस, तूर, सोयाबीनची पोती ठेवायच्या खोलीला चुन्याशिवाय काही नको, पोती घासून कोणताही रंग जातोच.

बैठकीसाठी आपल्या जुन्या घरांची पद्धत मला अजून पटते. खाली तीन-साडेतीन फुटांचा गडद पट्टा आणि वर फिका रंग. मातीच्या घरात खाली गेरू किंवा निळीचा पट्टा असायचा. पाठ, पोती, खाटेचा काठ, लेकरांचे हात, सगळं त्या उंचीच्या आतच लागतं. आज पट्टा धुता येणाऱ्या इमल्शनचा आणि वरची भिंत साध्या इमल्शनची करता येते. खार निघाला तरी खालच्याच पट्ट्यात निघतो आणि तेवढाच भाग पुन्हा करता येतो. मात्र पट्ट्याला ऑइल पेंट देऊ नका, ओलीच्या भिंतीवर तो सर्वात आधी फुगतो.

आता शेड

विदर्भात उन्हामुळे खिडक्या लहान आणि दुपारी बंद. म्हणजे खोल्या मुळातच अंधाऱ्या. पांढरा रंग पडलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत टाकतो, गडद मरून किंवा निळा दहा टक्क्यांच्या आसपास. चारही भिंती गडद केल्या तर दिवसाही बल्ब लागेल. पण शुभ्र पांढराही नको. काळ्या मातीची धूळ आणि बोटांचे ठसे त्यावर आठ दिवसांत दिसतात. ज्वारीच्या दाण्याचा असतो तसा पिवळसर पांढरा मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. धूळ लपते आणि उजेड राहतो. पश्चिमेच्या खोलीत चारच्या उन्हात पिवळा डोळ्यांना झोंबतो, तिथे फिका हिरवा किंवा फिका निळसर.

कार्डावरचा रंग भिंतीवर नेहमी गडद वाटतो, कारण चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात. म्हणून आवडलेल्यापेक्षा एक पायरी फिका घ्या. छोटा डबा आणून दोन फुटांचा चौकोन दोन भिंतींवर मारा. सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच बल्बखाली बघा. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली क्रीम मळकट दिसतो. इमल्शन सुकल्यावर किंचित गडद होतं, चुना सुकल्यावर पांढरा होतो, तेव्हा निवाडा ओल्यावर करू नका.

दुकानदार "हा रंग खोली गार ठेवतो" म्हणेल. आतल्या भिंतीच्या रंगानं उजेड बदलतो, उष्णता नाही म्हणावी इतकी कमी. उष्णता स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येते. महागड्या इमल्शनचे दोन डबे कमी करून मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. फरक पहिल्याच दुपारी कळतो. पावसात तो धुपतो, दरवर्षी द्यावा लागतो.

हिशेब

१० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंती ४४० चौरस फूट. ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा जाता ४०३. छत १२०. सपाट पुट्टीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण ६० ते ७० चौरस फूट जातं, म्हणजे भिंतींना सहा ते सात लिटर. हा हिशेब स्वतः करून दुकानात जा. मजुरी ठरवताना मोजमाप भिंतीचं की जमिनीचं, दार-खिडकी वजा की नाही, काचकागद आणि खरवडणं धरलं की वेगळं, हे कामाआधी कागदावर घ्या. डबे तुमच्यासमोर उघडा आणि पाणी किती घालायचं ते डब्यावरून वाचा. ते पाणी बोअरचं नको, गोडं घ्या. खाऱ्या पाण्यानं रंग फाटल्यासारखा होतो. दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटच्या डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. २०१६ च्या नियमानुसार घरगुती रंगात ते दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि चौकटी लेकरं चाटतात.

सरकारी घरकुल योजनेच्या पैशांत घर उभं करणाऱ्याला मी इमल्शन सुचवणार नाही. त्याने पैसा डीपीसी आणि चांगल्या छपाईत घालावा, आत चुना, गच्चीवर चुना. ज्यांच्याकडे पैसा आहे पण भिंत नवी आहे, त्यांनी पहिलं वर्ष पांढऱ्या सिमेंटच्या हातावर काढावं, लग्न असलं तरी. मांडवातले पाहुणे भिंतीला हात लावून बघत नाहीत. भिंत एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहून झाली असेल आणि प्लास्टिकखाली थेंब नसतील, तर इमल्शन घ्या आणि त्यात कंजूषी करू नका.

आमच्या बैठकीचा खालचा भाग आम्ही विटेपर्यंत काढला, सहा महिने उघडा ठेवला, मग पुन्हा छपाई केली. वरचा पिस्ता तसाच ठेवायचा होता, पण शेडचा नंबर कोणी लिहून ठेवला नव्हता. तीन दुकानं फिरूनही तो जुळला नाही, सगळी भिंत नव्यानं करावी लागली. आता नंबर आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिली आहे, आणि उरलेला अर्धा लिटर घट्ट बंद करून माळ्यावर ठेवला आहे.